खालचा बाण म्हणजे 'मला पटलं नाही' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय हे आधीच सांगतो, कात्री चालवायची तर खुशाल चालवा, फक्त बाणांचा भाग ठेवा कारण सगळं म्हणणं तिथेच आहे.

विषय ऑनलाइन चर्चांचा. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक प्रतिसादाच्या बाजूला दोन बाण असतात, एक वर एक खाली, कुठे अंगठे असतात, कुठे नुसतं हार्ट. लोक काय करतात, वाचतात, पटलं तर वर, नाही पटलं तर खाली, आणि पुढे जातात. यात चूक काय असं बहुतेकांना वाटतं, निवडणुकीत आपण तेच करतो की. पण निवडणुकीत मतं मोजतात, निकाल लागतो, आणि हरलेल्याचं भाषण काही कुणी पुसून टाकत नाही. इथे खालचा बाण दाबला की तो प्रतिसाद खाली सरकतो, अजून चार जणांनी दाबला की फिका पडतो नाहीतर मिटून जातो, आणि दोन तासांनी जो माणूस चर्चा वाचायला येतो त्याला असं काही कुणी लिहिलं होतं हे कळतच नाही. म्हणजे बाण दाबणारा माणूस मतदार नसतोच, तेवढ्यापुरता तो संपादक असतो! तुमच्याकडे पत्रांचा ढीग येतो, त्यातली कुठली छापायची हे तुम्ही ठरवता, आणि तुमच्या अग्रलेखाच्या विरोधात कुणी मुद्देसूद लिहिलं तर ते पत्र तुम्ही छापता, किंबहुना तेच आधी छापता. 'मला पटलं नाही' एवढ्यावर पत्र केराच्या टोपलीत टाकणाऱ्या संपादकाला आपण काय काय बोलू याचा विचार करा. तेच काम आपण रोज फोनवर अंगठ्याने करतो आणि वर त्याला लोकशाही म्हणतो.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. रेडिट ही चर्चांची साइट २००५ मध्ये सुरू झाली, आज वर-खाली बाणांची सवय जगाला लावण्यात तिचा मोठा वाटा आहे, आणि तिथल्या शिष्टाचाराच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रतिसादाने चर्चेत भर पडत असेल तर वर, विषयाशी संबंध नसेल किंवा काहीच भर पडत नसेल तर खाली, आणि केवळ तुमचं मत वेगळं आहे म्हणून खाली नको. किती जण पाळतात ते विचारू नका. कारण बाणावर कुठेच लिहिलेलं नसतं की हा बाण कशाचा. नियम एका पानावर, बटण दुसऱ्या पानावर, आणि राग तिसरीकडून आलेला असतो, मग बिचारा अंगठा काय करणार.

उलट बाजूही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. हॅकर न्यूज नावाची, प्रोग्रामर आणि स्टार्टअपवाल्या लोकांची जी साइट आहे तिचे संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी २००८ मध्येच म्हणून ठेवलंय की बाण सहमती-असहमतीसाठी वापरले तर काही बिघडत नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं की वरचा बाण लोक काही फक्त सभ्यपणाला दाद म्हणून दाबत नाहीत, मग खालचा तरी फक्त उद्धटपणासाठीच का राखून ठेवायचा. ऐकायला बिनतोड आहे. पण मला ते पटत नाही, कारण दोन्ही बाण सारखे नाहीतच. वरच्या बाणाने एखादी गोष्ट जास्त दिसते, खालच्या बाणाने ती दिसायची बंद होते, आणि 'अजून ऐकू या' आणि 'तोंड बंद कर' हे काही एकाच पट्टीवरचे दोन आकडे नव्हेत. बरं गंमत म्हणजे त्याच साइटवर नव्या माणसाला खालचा बाण मिळतच नाही, इतरांच्या वरच्या बाणांचे ५०० पॉइंट जमेपर्यंत तो दिसत नाही, आणि प्रतिसादांना खाली ढकलता आलं तरी मूळ पोस्टला खाली ढकलता येत नाही. म्हणजे तोंडाने काहीही म्हटलं तरी हे हत्यार सगळ्यांच्या हातात सरसकट द्यायचं नसतं हे बनवणाऱ्यांना कळत होतं.

ज्यांनी यावर आधी डोकं लावलं त्यांच्याकडे बघितलं तर एक गोष्ट लक्षात येते, की त्यांनी बाणाला नाव दिलं. स्लॅशडॉट ही तंत्रज्ञानाच्या बातम्यांची १९९७ ची साइट, तिथे नुसतं वर-खाली नव्हतं, प्रतिसादाला गुण देताना कारणही निवडावं लागायचं, मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, भडकाऊ, अवांतर असं, आणि गुण उणे १ ते ५ यातच राहायचे त्यामुळे कुणी गावभर बदनाम व्हायचा नाही. गुण द्यायचा अधिकार मोजक्या लोकांना मोजका वेळ मिळायचा, आणि ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिलंय तिथे तुम्हाला गुण देता यायचे नाहीत, हे तर मला फारच आवडतं. आपल्या मराठीत ऐसी अक्षरे या चर्चांच्या साइटवर श्रेणी द्यायची पद्धत आली ती याच वळणाची, मार्मिक, माहितीपूर्ण, खवचट, भडकाऊ वगैरे. आता या सगळ्या याद्या नीट वाचा, त्यात 'असहमत' नावाची श्रेणी नाहीये. तुम्हाला खाली ढकलायचंच असेल तर 'भडकाऊ' किंवा 'अवांतर' असं काहीतरी म्हणावं लागतं, म्हणजे एक आरोप करावा लागतो, आणि खोटा आरोप करताना माणूस निदान अर्धा सेकंद थांबतो. सगळेच थांबतात असं नाही, पण थांबतात.

स्टॅक ओव्हरफ्लोने तर त्याला किंमतच लावली. ही २००८ पासूनची प्रोग्रामर लोकांची प्रश्नोत्तरांची साइट, तिथे उत्तराला वरचा बाण पडला तर लिहिणाऱ्याला १० पॉइंट मिळतात, खालचा बाण पडला तर त्याचे २ जातात, आणि बाण मारणाऱ्याचाही १ जातो. स्वतःच्या खिशातून एक पॉइंट. आणि हा अधिकार मिळायलाही १२५ पॉइंट लागतात. बाणावर माउस नेला की लिहिलेलं दिसतं, हे उत्तर उपयोगी नाही, म्हणजे 'मला आवडलं नाही' असं नाही. तरी तिथेही भांडणं होतात, नवशिक्यांना तिथे फार टोचून बोलतात ही तक्रार जुनीच आहे, त्यामुळे नुसत्या नियमाने माणूस सुधारतो असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण एक पॉइंट जाणार म्हटल्यावर हात आखडतो हे मात्र खरं.

आता मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं काय ते, की सुरुवातीचे दोन-चार बाणच सगळा निकाल लावतात. प्रतिसाद कुठल्या क्रमाने दाखवायचे हे बऱ्याच ठिकाणी मतांवरून ठरतं, आणि त्यासाठी नुसती बेरीज-वजाबाकी करत नाहीत. रेडिटने २००९ मध्ये 'बेस्ट' नावाची जी रचना आणली तिच्यामागे एडविन विल्सन या गणितज्ञाचं १९२७ चं सूत्र आहे. कल्पना सोपी आहे, ३ पैकी ३ लोकांनी चांगलं म्हटलं म्हणजे १०० टक्के झाले खरे पण ३ लोकांवर किती विश्वास ठेवायचा, त्यापेक्षा १०० पैकी ९० जणांनी चांगलं म्हटलेलं जास्त भरवशाचं, म्हणून ते वर. हुशार पद्धत आहे, तक्रार नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की ज्या प्रतिसादाला अजून तीन-चारच मतं पडलीत त्याला एक खालचा बाण म्हणजे जबर फटका, आणि तोच बाण शंभर मतं पडलेल्याला जाणवतही नाही. म्हणजे तुमच्या रागाचं वजन कुणावर जास्त पडतं तर जो आत्ताच आलाय, ज्याला ओळखणारं कुणी नाही, ज्याचं मत चारचौघांपेक्षा वेगळं आहे त्याच्यावर. नावाजलेल्या आयडीला काही होत नाही, त्याचा कंपू असतोच पाठीशी.

यावर प्रयोगही झालाय, खरा, मोठा. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर या तिघांनी एका बातम्यांच्या साइटवर पाच महिने लाखाहून जास्त प्रतिसादांवर तो केला आणि २०१३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये छापला. काही प्रतिसादांना त्यांनी लिहिल्या लिहिल्या एक खोटं वरचं मत देऊन टाकलं, काहींना एक खोटं खालचं, आणि बाकीच्यांना हात लावला नाही. ज्यांना वरचं मत मिळालं होतं त्यांना पुढचाच वाचक वरचं मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटचा आकडा सरासरी २५ टक्के जास्त भरला. लिहिणारा तसाच, लिहिलेलं तसंच, फक्त कुणीतरी आधी मान डोलावली होती. खालच्या मताचं मात्र तसं झालं नाही, लोकांनी ते भरून काढलं, वाईट मत पडलेल्यांना मुद्दाम वर उचललं, हे वाचून मला माणसांबद्दल जरा बरं वाटलं. पण हुरळून जाऊ नका, त्या साइटवर खाली गेलेला प्रतिसादही वाचायला समोर होता म्हणून लोकांना तो उचलता आला, मिटलेल्या प्रतिसादाला उचलणार कोण? आणि अजून एक, हा कळपाचा परिणाम राजकारण, समाज-संस्कृती आणि बिझनेस या विषयांत ठळक दिसला, म्हणजे जिथे आपण सगळ्यात जास्त भांडतो बरोबर तिथेच.

कॉन्डोर्से म्हणून एक फ्रेंच गणितज्ञ होते, त्यांनी १७८५ मध्ये मांडलंय की प्रत्येक माणूस बरोबर असण्याची शक्यता अर्ध्याहून थोडी जरी जास्त असली तरी पुष्कळ लोकांचं बहुमत बरोबर असण्याची शक्यता वाढत वाढत जवळजवळ खात्रीपर्यंत जाते. 'इतके लोक चूक कसे असतील' असं म्हणणारे नकळत हाच आधार घेत असतात. फक्त त्यातली अट कुणी सांगत नाही, की प्रत्येकाने आपापलं स्वतंत्र ठरवलं पाहिजे. आधीचा आकडा बघून बाण दाबला की अट मोडली, मग हजार लोक असले काय आणि पहिले पाच असले काय, मत त्या पाचांचंच. म्हणून काही ठिकाणी पहिले काही तास आकडा लपवायची सोय असते, रेडिटवर तिथले मॉडरेटर, म्हणजे चर्चेवर देखरेख करणारे, तसं करू शकतात. साधी गोष्ट आहे, पण मला विचाराल तर सगळ्या उपायांमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी.

कुणी म्हणेल बाण पडले की माणूस सुधारतो, धडा मिळतो. नाही मिळत. २०१४ मध्ये जस्टिन चेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मोठ्या साइट्सवरच्या चर्चा तपासल्या, त्यात असं निघालं की ज्यांना खालची मतं पडतात ते गप्प बसत नाहीत, उलट जास्त लिहायला लागतात, त्यांच्या लिखाणाचा दर्जा अजून खालावतो, आणि ते स्वतः इतरांना जास्त खालची मतं द्यायला लागतात. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात तसं, सगळीकडे हेच. आणि ज्याला काहीच प्रतिसाद मिळत नाही, ना वर ना खाली, तो सोडून जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणजे भडकाऊ माणसाला बाण मारून तुम्ही त्याला अजून दोन प्रतिसाद लिहायला बसवता, त्यापेक्षा सरळ दुर्लक्ष करा, फारच झालं तर रिपोर्ट करा.

मग असहमती दाखवायची कशी? शब्दांनी, दुसरं काय. पण शब्दांचीही आपण वाट लावलेली आहे. समजा कुणी लिहिलं की शाळेत मुलांना मोबाइल आणू द्यावा, कारण निघायला उशीर झाला, काही अडचण आली तर घरी कळवता येतं. खाली प्रतिसाद काय येतात, 'काहीही', 'आधी अभ्यास वाढवा', 'तुम्हाला मुलं आहेत का हो', 'हा विषय शंभर वेळा झालाय', आणि एक जण फक्त हसणारी तीन तोंडं टाकून जातो. यातल्या एकानेही त्या माणसाच्या कारणाला हात लावलेला नाही. एकाने त्याची लायकी काढली, एकाने त्याचं घर काढलं, एकाने कंटाळा दाखवला. आता हेच कुणी असं लिहिलं की 'निरोपाचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण ती सोय ऑफिसमधल्या फोनवरही होते, आणि वर्गात फोन असल्यामुळे लक्ष जातं त्याचं काय करायचं हे तुम्ही सांगितलं नाही', तर बघा, विरोध तेवढाच आहे, कडक आहे, पण समोरच्याला उत्तर द्यायला जागा आहे आणि तिसऱ्या वाचकाला काहीतरी हाती लागतं. ऑनलाइन वादात तो तिसरा वाचकच महत्त्वाचा असतो, जो कधीच लिहीत नाही, नुसता वाचतो, आपण वाचनमात्र म्हणतो तो. समोरचा आयडी आपलं मत बदलेल या आशेवर लिहू नये, फार क्वचित बदलतो, वाचनमात्र मात्र बदलतो आणि कुणाला सांगतही नाही.

आपल्याकडे न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार करून ठेवलेत, वाद, जल्प आणि वितंडा. दोघांनाही खरं काय ते शोधायचंय तो वाद, कसंही करून जिंकायचंय तो जल्प, आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही फक्त दुसऱ्याचं मोडायचं ती वितंडा. मला नेहमी वाटतं की खालचा बाण हा वितंडेचा सगळ्यात आळशी अवतार आहे, कारण वितंडा घालणाऱ्याला निदान बोलावं तरी लागायचं! शिवाय जुन्या शास्त्रकारांची एक सवय फार चांगली होती, आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही नीट सांगायचं, मग त्याचं खंडन. हे जमत नसेल तर निदान ज्या वाक्याला तुमचा विरोध आहे ते वाक्य तरी उचलून दाखवा, कारण अर्ध्याहून जास्त भांडणं समोरच्याने न लिहिलेल्या गोष्टींवरच होतात. आणि दोन-तीन फेऱ्या झाल्या, मुद्दे तेच फिरायला लागले की थांबावं, 'आपलं एकमत होत नाही' असं लिहून थांबावं, शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे असं काही नसतं. लोक हे लिहितात पण, आणि मग पुढच्या ओळीत परत सुरू होतात.

इथे एक सावध सूचना. काही जण म्हणतात की खालचा बाण मारणाऱ्याने कारण लिहिलंच पाहिजे अशी सक्ती करा. मला ही सूचना वाईट वाटते. जाहिरातींचा कचरा, शिव्या, तीच कॉपी-पेस्ट पोस्ट दहा ठिकाणी, याला प्रत्येक वेळी निबंध कशाला लिहायचा, त्यासाठीच तर बाण आहे, मारा बिनधास्त. आणि कारण लिहिलं की त्या कारणावर भांडण सुरू, लिहिणाऱ्याच्या मागे लागतात, मग कुणी बाणच मारत नाही आणि कचरा वर येतो. तुमचं म्हणणं आधीच कुणीतरी चांगल्या शब्दांत मांडलं असेल तर त्याला वरचा बाण द्या आणि पुढे व्हा, तेवढंच पुरतं, खाली परत '+१', 'सहमत', 'जोरदार अनुमोदन' असे वीस प्रतिसाद नकोत. तसंच 'मला खालची मतं का पडली, हिंमत असेल तर समोर या' हे रडगाणंही नको. हॅकर न्यूजच्या नियमात सरळच सांगितलंय की मतांबद्दल प्रतिसाद लिहू नका, त्याने कधी काही भलं होत नाही आणि वाचायला कंटाळा येतो. शंभर टक्के खरं.

वरच्या बाणाबद्दलही थोडं, कारण सगळा दोष खालच्यावर टाकून चालणार नाही. विरोधात चांगला मुद्दा मांडणाऱ्याला वरचा बाण देणं ही खरी परीक्षा आहे. 'मुद्दा मला पटला नाही पण मांडलाय छान' असं म्हणून जो माणूस वरचा बाण देतो तो कुठल्याही चर्चेचा आधार असतो, आणि असे लोक असतात, कमी असतात पण असतात.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाणारं एक उदाहरण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ईए या गेम बनवणाऱ्या कंपनीने रेडिटवर स्टार वॉर्सच्या एका गेममधल्या जास्तीच्या खर्चाचं समर्थन केलं, तर त्या एका प्रतिसादाला साडेसहा लाखांहून जास्त खालची मतं पडली, गिनेस बुकात नोंद झाली, आणि कंपनीने गेम बाजारात यायच्या आदल्या दिवशी गेममधली पैसे देऊन खरेदी तात्पुरती बंद केली. म्हणजे खालच्या बाणाने निषेध होतो आणि त्याचा उपयोगही होतो. मान्य. पण फरक बघा, समोर एवढी मोठी कंपनी होती, तिचं म्हणणं दाबलं जायची भीती नव्हती, उलट सगळं जग तो प्रतिसाद शोधून शोधून वाचत होतं. हाच जमाव एखाद्या एकट्या माणसावर गेला की त्याला निषेध म्हणत नाहीत. यूट्यूबने २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लोकांपासून लपवला तेव्हा हेच कारण दिलं होतं, की लहान चॅनेलवाल्यांवर ठरवून हल्ले होतात, आकडा लपवला की ते कमी होतात. त्यावर लोक चिडले, कारण फसव्या व्हिडिओवर डिसलाइकचा आकडा बघून आपण सावध व्हायचो ती सोय गेली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझं मत विचाराल तर 'हे असं करा' शिकवणाऱ्या व्हिडिओवर आकडा दिसायला हवा होता, आणि जिथे माणूस स्वतःचं मत मांडतो तिथे लपवलेला बरा, पण यूट्यूबला एवढा फरक करत बसायला वेळ कुठे.

आणि ठरवून हल्ले आपल्याकडेही काही कमी नाहीत. ग्रुपवर लिंक येते, 'इथे जाऊन याला खाली घ्या', एका माणसाचे चार डुआयडी, म्हणजे खोट्या नावांची खाती, असतात, दहा मिनिटांत खेळ संपतो. याला असहमती म्हणणं म्हणजे त्या शब्दाचा अपमान आहे. चर्चा न वाचता, केवळ कुणी सांगितलं म्हणून येऊन मत देणं हे बहुतेक साइट्सच्या नियमांत बसत नाही, पण पकडणार कोण, म्हणून हा नियम ज्याने त्यानेच पाळायचा. लिंकवरून आलात ना, वाचा, जमलं तर लिहा, बाणाला हात लावू नका.

साइट बनवणाऱ्यांनी मनावर घेतलं तर मात्र बरंच होऊ शकतं. लेसराँग या साइटने २०२२ मध्ये प्रतिसादांना दोन वेगळी मतं द्यायची सोय केली, एक हे वाचण्यासारखं आहे का यासाठी आणि दुसरं मी सहमत आहे का यासाठी, आणि क्रम ठरतो तो पहिल्यावरून. म्हणजे एखादा प्रतिसाद सगळ्यात वर असू शकतो आणि त्याच्या शेजारी बहुतेकांनी 'असहमत' म्हणून ठेवलेलं असू शकतं, मला हे बघूनच समाधान वाटतं. ट्विटरने २०२१ मध्ये बर्डवॉच नावाने सुरू केलेल्या आणि आता कम्युनिटी नोट्स म्हणतात त्या, म्हणजे एखाद्या पोस्टखाली वाचकच खुलासा म्हणून जोडतात त्या टिपांची युक्ती अजून वेगळी, तिथे नुसती जास्त मतं पडून चालत नाही, एरवी ज्यांचं एकमेकांशी पटत नाही अशा दोन्हीकडच्या लोकांनी टीप उपयोगी म्हटली तरच ती सगळ्यांना दिसते. कंपूबाजीवर याहून चांगला उतारा मी तरी पाहिलेला नाही, उशीर फार होतो हा दोष सोडला तर. आणि याच्या बरोबर उलट म्हणजे फेसबुक, २०१६ मध्ये त्यांनी लाइकच्या जोडीला हसू, आश्चर्य, राग वगैरे चेहरे आणले, आणि २०१७ पासून काही काळ त्या चेहऱ्यांना लाइकच्या पाचपट वजन होतं, रागाच्याही. म्हणजे तुम्ही चिडून लाल तोंड दाबलं की ती पोस्ट अजून लोकांना दाखवायची. नंतर रागाचं वजन कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणलं. सांगायचा मुद्दा, ज्या बटणाने आपण 'नको' म्हणतोय असं आपल्याला वाटतं ते मशीन 'अजून दाखवा' असंही वाचू शकतं, त्यामुळे बटणाच्या भरवशावर मत मांडू नये.

इंटरनेट ज्या तांत्रिक नियमांवर चालतं ते ठरवणारी आयईटीएफ नावाची इंजिनिअर मंडळींची जी संघटना आहे, तिथे तर मतदान घेतच नाहीत. खोलीतले लोक चक्क गुणगुणतात, हं... असा आवाज, कुठल्या बाजूला आवाज मोठा त्याचा अंदाज घेतात, आणि तो अंदाज म्हणजेही निर्णय नव्हे, चर्चेची सुरुवात. २०१४ च्या त्यांच्या एका टिपणात लिहिलंय की शंभर लोक एका बाजूला आणि पाच दुसऱ्या बाजूला असले तरी त्या पाचांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं का हे बघायचं, डोकी मोजायची नाहीत. आक्षेप मान्यच केला पाहिजे असं नाही, पण त्याचा विचार करून उत्तर दिलेलं असलं पाहिजे. आणि हे कुणी साधू-संत नाहीत, भांडकुदळ इंजिनिअर आहेत.

तर साहेब, तुमच्याकडे मागणं एवढंच. तुमच्या ऑनलाइन आवृत्तीत वाचकांच्या प्रतिक्रियांखाली दोन अंगठे आहेत आणि ज्याला खालचे अंगठे जास्त ती प्रतिक्रिया 'आणखी पाहा'च्या आत जाते. छापील पानावर तुम्ही असं करत नाही. खालचा अंगठा ठेवायचा तर ठेवा पण त्याच्यापुढे 'विषयाला सोडून' किंवा 'अपमानास्पद' असं लिहा आणि क्रमासाठी तोच धरा, 'असहमत'साठी वेगळं बटण द्या आणि त्याचा क्रमाशी काही संबंध ठेवू नका, आणि पहिल्या दिवशी कुठलाच आकडा दाखवू नका. तांत्रिक विभागाला विचाराल तर ते म्हणतील की याने क्लिक कमी होतील. होतील कदाचित. महिनाभर एकाच सदरात करून बघा, आणि काय झालं ते आम्हा वाचकांनाही छापून सांगा, कमी झाले असले तरी.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव-पत्ता आपल्याकडे पाठवला आहे, छापू नये)